बाबांचा रेडिओ राहिला

"मग माझ्यात अजून कमी काय आहे, बाबा?"

केतननं विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसला.

गिरीबाबा मठाच्या ओट्यावर कंदिलाची काच पुसत होते. आत फुंकर मारायची, छाटीच्या टोकानं पुसायची, उजेडाकडं धरून बघायची... पुन्हा फुंकर.

"बाबा?"

"ऐकतोय की."

"दत्तजयंतीला तुम्ही अनुग्रह देणार. माझं नाव त्यात आहे की नाही, एवढंच सांगा."

बाबांनी काच कंदिलावर बसवली.

"हैबततात्याचं परत दिलंस?"

"कानाचं मशीन? ते केव्हाच दिलं!"

"मशीन न्हवं. तात्याचं म्हंतोय मी."

"मशीनच तात्यांचं आहे ना?"

बाबा हसले.

"तात्यांचं अजून काय राहिलंय माझ्याकडं?"

"ते तू हुडक. परत दे... मग अनुग्रहाचं बघू."

आता केतनला हे असं ऐकायची सवय नव्हती. वस्तू परत देण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे पंचक्रोशीला ठाऊक नसेल तर सांगायला तो स्वतः होताच.

पोरगा पुण्याचा. मोबाईल दुरुस्तीच्या एका मोठ्या दुकानात हाताशी चार माणसं ठेवून काम करायचा. एक दिवस मन उबगलं, आणि येरळेच्या काठावर धामणसर गावाबाहेरच्या या मठात येऊन राहिला. झाडलोट करी, पाणी भरी, बाबांचे पाय चेपी. आणि हरवलेल्या वस्तू परत करी.

मठात वस्तू हरवतात त्याला कारण मठाची रीत. आरतीच्या वेळी कुणाच्या खिशात काही वाजलेलं बाबांना खपत नाही. दाराशी एक मोठं सूप ठेवलेलं असतं, त्यात फोन, घड्याळ, जे काही वाजतं-चमकतं ते ठेवायचं आणि मग आत यायचं. आरती झाली की मंडळी प्रसादाकडं धावतात. खिचडीचा वास सुटला की फोनची आठवण कुणाला राहते! अमावस्येला तर सुपात निम्मं गाव पडून असायचं.

पूर्वी ते तसंच पडून राही. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्यानं यावं आणि घेऊन जावं.

केतन आल्यावर हे बदललं. कुलूप घातलेल्या फोनचं सिमकार्ड काढून तो आपल्या फोनात घाली आणि कुणाच्या तरी आईचा फोन यायची वाट बघे. वायर नसलेली कानातली बोंडं सापडली, तर ती हातात घेऊन गल्लीबोळ फिरे. साखर तपासायचं एक यंत्र सापडलं, तेव्हा त्यातला शेवटचा आकडा बघून त्यानं ओळखलं, की हा माणूस शिऱ्याच्या पंगतीत दोनदा बसलेला असणार. आणि खरंच तसा निघाला!

वस्तू देताना फोटो. एक हात मालकाचा, एक हात केतनचा, मध्ये वस्तू, दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडं. शाळेच्या बक्षीस समारंभात असतात तसा थाट. खाली लिहायचं, 'मालकास सुपूर्द', आणि मठाच्या ग्रुपवर टाकायचं. मग हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडे. केतन तो रोज न चुकता बघे.

आणि बाबा म्हणतात, परत दे!

"फोटो आहे बाबा माझ्याकडं," केतन म्हणाला. "पुरावा."

"दाव."

त्यानं फोन पुढं केला. बाबांनी हात लांब करून, मान मागं नेऊन पाहिलं. फोटोत केतन मधोमध होता आणि झकास हसत होता. उजवीकडं हैबततात्या.

"तात्या कुठं बघतोय?"

केतननं फोटो जवळ घेतला. इतक्या दिवसांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तात्या खाली जमिनीकडं बघत होते.

"डोळे मिटले असतील... फोटोत होतं असं."

"हूं."

हैबततात्या म्हणजे गावातले जुने गिरणीवाले. पिठाची गिरणी चालवून चालवून पट्ट्याच्या आवाजानं त्यांचे कान गेले. गिरणी बंद झाली, कान काही परत आले नाहीत. पण मठाचा नगारा वाजवावा तर तात्यांनीच. पाय दगडी फरशीवर उघडे ठेवायचे, आणि फरशीतून जो ठेका चढेल त्यावर टिपरू पडायचं. कधी चुकलं नाही.

कराडच्या मुलीनं वडिलांना कानाचं मशीन आणून दिलं, तेव्हापासून तात्या संध्याकाळी मठात येऊन ते कोनाड्यात काढून ठेवत. मशीन घालून नगारा वाजवायचा म्हणजे कानातच पुन्हा गिरणी सुरू करण्यासारखं. आरती होईपर्यंत ते तिथंच राही.

एकदा बाबा बाहेरगावी गेलेले. तात्या घरी निघून गेले आणि मशीन कोनाड्यात राहिलं. केतनच्या नजरेतून सुटतंय थोडंच! गाडी काढली, घर गाठलं, दार वाजवलं, सगळ्यांना अंगणात बोलावलं, फोटो घेतला.

त्यानंतर तात्या मठात आले नव्हते. केतनला वाटलं, ताप-थंडी असेल. आरतीला नगारा तोच वाजवत होता. त्याचा ठेका ऐकून मठातली मांजरं सुद्धा उठून जात, पण ते राहू द्या.

"बाबा," केतननं जरा चाचरत विचारलं, "तात्या याआधी कधी विसरले नव्हते का मशीन?"

"रोज इसरतो."

"रोज? मग?"

"मग काय... प्रसाद देताना खिचडीबरुबर मशीन बी हातावर ठिवायचं. तात्याला वाटतं, हे बी प्रसादातलंच."

केतन हसला. मग हसू आपोआप थांबलं.

बाबा उठले. खांद्यावर झोळी अडकवली, झोळीत आपला छोटा रेडिओ टाकला.

"चल. तात्याकडं च्या प्यायला."

या रेडिओबद्दल सांगायलाच हवं. तळहाताएवढा, एरियल वाकलेली, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. सकाळी शेतीचा कार्यक्रम आणि हवामान ऐकल्याशिवाय बाबा तोंडात पाणी घेत नसत. बाबांनी संसार सोडला पण रेडिओ नाही सोडला, असं गाव म्हणे, आणि बाबांच्या तोंडावर म्हणे.

मोठा रस्ता ओलांडला की गाव. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक एकसारखे धावत होते. बाबांनी केतनच्या दंडाला धरून रस्ता ओलांडला.

तात्या सोप्यात खिडकीशी खाटेवर बसलेले होते. बाबांना बघून ताडकन उठले, वाकले. केतनला बघून नुसते बसले.

सून शालन पदर सावरत बाहेर आली. बाबांच्या पायाशी डोकं टेकलं.

"बाबा, तुमी कशाला आला एवढ्या लांब? निरोप धाडायचा."

"च्या कुठं निरोपानं पिता येतोय?"

चहा आला. बाबा बशीत ओतून फुंकून प्यायले. तात्यांच्या कानात मशीन होतं. केतन जरा पुढं सरकला.

"तात्या, बरं नाही का? मठात येत नाही ते?"

तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

उत्तर शालननं दिलं. बाई सरळ होती. मनात आलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"ह्यांनी बंद केलंय त्यांचं मठात येणं. खोटं कशाला बोलू? तुमी फोटू टाकला न्हवं का दादा, त्या ग्रुपात. आमच्या कराडच्या वन्सं बी हायेत त्यात. त्यांनी बघितलं आन फोन केला. एवढं मशीन आणून दिलं, तुमचं ध्यान कुठं असतं, म्हणल्या. डेअरीत चार माणसं ह्यांना म्हणली, काय उत्तमराव, म्हातारं बहिरं सोडलंय व्हय रस्त्यावर?"

"पण मी तर मशीन परत..."

"तुमी चांगलंच केलं की. मी कुठं न्हाई म्हंते." शालननं कपबश्या गोळा केल्या. "पर ह्यांचं बी खरंच हाय. कानात काय न्हाई आन मागनं ट्रक आला, तर? म्हणले, आता बास. मला सोडाय-आणाय सवड न्हाई, तर तात्यांनी घरातच बसायचं."

ती आत जायला वळली आणि दारात थांबली.

"आरतीच्या टायमाला मामंजींची बोटं खाटंच्या माचव्यावर चालत्यात. मला बघवत न्हाई, दादा."

एवढे हात जोडलेले, एवढी फुलं आलेली त्या फोटोखाली! त्याला आत्ताच्या आत्ता उठून पळून जावंसं वाटलं. तात्यांकडं बघायचा धीर होईना.

बाबा उठले. "येतो रं तात्या."

"या," तात्या म्हणाले. एवढंच.

दोघं दाराबाहेर पडले. बाबा चार पावलं पुढं गेले, आणि केतननं सवयीनं मागं वळून पाहिलं. माणूस उठला की त्याच्या जागेवर काही राहिलंय का ते बघायचं, ही त्याची जुनी खोड. आणि राहिलं होतंच! खाटेवर, उशीला टेकून, रेडिओ.

केतनला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनाला लागलेली टोचणी जरा हलकी झाली. चला, एक तरी वस्तू आपल्या हातून नीट परत जाईल. तो दोन ढांगांत आत गेला, रेडिओ उचलला, धावत बाबांना गाठलं.

"बाबा! विसरला होतात!"

बाबा थांबले. रेडिओकडं पाहिलं. मग केतनकडं पाहिलं... बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या नजरंतनं काय सुटत न्हाई."

"नाही ना?"

"न्हाई," म्हणत बाबांनी रेडिओ झोळीत टाकला.

रस्ता ओलांडेपर्यंत केतनला हे कौतुक वाटत होतं. ओलांडल्यावर शंका आली. मठाची पायरी चढताना शंका पक्की झाली. पण नेमकं काय चुकलं ते काही समजेना, आणि विचारायला गेला तर बाबा घोरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी बाबांनी झोळी अडकवली.

"चल. तात्याकडं च्या प्यायला."

"परत?"

"शालनच्या हातचा च्या चांगला असतोय."

पुन्हा तोच सोपा, तीच बशी. बाबांनी शालनला म्हशीचं विचारलं, तात्यांना गुडघ्याचं. बोलता बोलता झोळीतून रेडिओ काढला, कानाशी धरून खरखर ऐकली, खाटेवर ठेवला. मग उठले.

"येतो रं तात्या."

आज केतननं सगळं पाहिलं. ठेवताना पाहिलं, उठताना पाहिलं, आणि बाबांनी एकदाही खाटेकडं वळून पाहिलं नाही हेसुद्धा पाहिलं.

बाबा बाहेर पडले. शालन कपबश्या घेऊन आत गेली. सोप्यात केतन, तात्या आणि रेडिओ.

केतनचा हात पुढं झाला. खोटं कशाला सांगा, झालाच. हाताला ती सवयच लागलेली.

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि रेडिओवर टाकला.

मग खिडकीबाहेर बघू लागले. जणू पंचा तिथंच वाळत घालतात रोज.

केतनचा हात तसाच हवेत राहिला. तात्यांच्या तोंडावरची एक रेघ हलत नव्हती. फक्त खालचा ओठ दाताखाली घट्ट धरलेला होता, चोरून गूळ खाणारं पोर धरतं तसा.

"येतो, तात्या," केतन म्हणाला.

आपला आवाज त्याला परका वाटला. तो वळला, चपला घातल्या आणि बाबांच्या मागं चालू लागला. ज्याची वस्तू तो समोर, वस्तू कुठंय ते माहीत, आणि आपण मोकळ्या हातांनी चाललोय! असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"बाबा..."

"काय?"

"काही नाही."

बाबांनी मान हलवली. केतनला वाटलं, त्या मान हलवण्यात कालच्यापेक्षा आज जास्त काही होतं. वाटलं असेल नुसतं.

सकाळी बाबा नेहमीच्या वेळी ओट्यावर बसले. झोळीत हात घातला, रिकामा बाहेर काढला.

"आज पाऊस सांगितलाय का रं?"

"मोबाईलवर बघून सांगू?"

"नगं. वर बघतो."

आणि बाबांनी मान वर करून आभाळ पाहिलं. केतनला भरून आलं. या म्हाताऱ्याला त्याची एवढीशी चैन आपण गाडीवर जाऊन चुटकीसरशी आणून देऊ शकतो...

"बाबा, मी पटकन जाऊन येऊ?"

"कुठं?"

"...कुठं नाही."

"मग बस की."

तो बसला. बसणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी त्याला कळलं. ओटा झाडला, पुन्हा झाडला. विहिरीवर गेला, कळशी तिथंच विसरून आला. मनात एकच. रेडिओ घेऊन येणार कोण? शालन? ती म्हशी सोडून निघायची नाही. तिचा नवरा उत्तम? तो डेअरीला जाता जाता रेडिओ देईल, 'बरंय बाबा' म्हणेल आणि निघून जाईल. मग तात्या बसले खाटेवर, दत्तजयंतीचा अनुग्रह राहिला, आणि सगळं मुसळ केरात.

दिवस कलला. नदीकडून गुरं परत आली.

आणि मोटारसायकलचा आवाज आला.

केतननं ओट्यावरून पाहिलं. उत्तमच होता. डोक्याला डेअरीची टोपी, कपाळाला आठी. केतनचा चेहरा उतरला.

मग गाडी वळली, आणि उत्तमच्या पाठीमागं पांढरा फेटा दिसला.

तात्या! इस्त्रीचा सदरा, कानात मशीन, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेली पंच्याची पुरचुंडी. गाडीवर माणूस पुढच्याला धरून बसतो, तात्या पुरचुंडी धरून बसले होते.

"बाबा, तुमची वस्तू राहिली आमच्यात," उत्तम गाडीवरूनच म्हणाला. "मी देत हुतो सकाळी जाताना. शालन म्हणली, तसं चालत न्हाई. मठाची वस्तू घरी राहिली तर घरातल्या थोरल्यानंच नेऊन द्यायची, दिवेलागणीच्या आत. आमच्या आजानं बी अशीच दिली हुती म्हणं, थोरल्या बाबांची खडाव. म्हणलं, मग आणतो तात्यांना."

केतननं बाबांकडं पाहिलं. ही रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. पुण्याच्या पोराला ती कळणार तरी कशी!

बाबा मात्र लगबगीनं पायऱ्या उतरून खाली आले. तात्यांनी पुरचुंडी सोडली, रेडिओ बाबांच्या ओंजळीत ठेवला. ठेवताना फेट्यासकट मान ताठ होती.

"इसरलो बघ उत्तम," बाबा म्हणाले. "परवा बी इसरलो हुतो. डोस्कं चालत न्हाई आता."

"आसं काय बाबा!" उत्तमला अगदी वाईट वाटलं. "त्यात काय एवढं? वय झाल्यावर माणूस इसरायचाच. कुणी त्याचं..."

आणि तो मध्येच थांबला.

गाडीचं इंजिन चालू होतं ते त्यानं बंद केलं. बापाकडं पाहिलं. तात्यांचं लक्ष नव्हतं. ते मठाच्या दारातून आत, नगाऱ्याकडं बघत होते.

उत्तमनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"तात्या," तो मोठ्यानं म्हणाला, "आरतीला थांबायचं का?"

तात्यांना ते मशीनशिवायसुद्धा ऐकू गेलं असतं. उत्तर न देता ते पायऱ्या चढू लागले.

"मला डेअरीला जाया लागतंय," उत्तम केतनला म्हणाला. "रस्ता..."

"मी सोडतो. हाताला धरून, पलीकडं, घरापर्यंत. रोज."

उत्तमनं त्याला वर-खाली पाहिलं.

"फोटू?"

"नाही."

"बरं," म्हणून उत्तमनं किक मारली. कपाळाची आठी अजून होती, पण वळणावर त्यानं मागं बघून हात केला.

त्या संध्याकाळी आरतीला नगारा वाजला म्हणजे काय वाजला! तात्यांनी फेटा सारखा केला, चपला काढल्या, मशीन कोनाड्यात ठेवलं, फरशीवर पाय रोवले. पहिला ठोका पडला तशी बायकांच्या टाळ्या आपोआप एका तालात आल्या. मांजरं कुठं गेली नाहीत. केतन झांजा वाजवत होता. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरायच्या भानगडीत तो पडला नाही.

आरती संपली. मंडळी प्रसादाकडं धावली. तात्याही धावले.

बाबा रोज स्वतः प्रसाद वाटत. आज त्यांनी वाडगं केतनच्या हातात दिलं आणि खांबाला टेकून बसले.

ओळ पुढं सरकली. तात्यांनी दोन्ही हात पुढं केले. केतननं उजव्या हातावर खिचडीची मूद ठेवली. डाव्यावर, मुठीतून अलगद, मशीन.

तात्यांनी ते कानात घातलं, मूद तोंडात घातली.

"मीठ कमी पडलं आज," ते म्हणाले.

केतन पुढच्या माणसाकडं वळला.

मग त्यानं तात्यांना घरी नेलं. रस्त्यावर ट्रक जाईपर्यंत दोघं थांबले, तात्यांनी त्याच्या दंडाला घट्ट धरलं. वाटेत ते गिरणीच्या गोष्टी सांगत होते. कोणाचं पीठ जाड, कोणाचं बारीक, कोण डबा विसरून जायचं. शालन दारातच उभी होती.

केतन मठात परतला तेव्हा ओट्यावर कंदील लागला होता. बाबा रेडिओचं बटण फिरवत बसले होते. खरखर, मग एक शब्द, मग पुन्हा खरखर.

केतन पायरीवर टेकला.

दुपारनंतर त्याच्या मनात दत्तजयंती आलीच नव्हती. आता आली. त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं. विचारावंसं वाटेना. बरं वाटत होतं. नदीवरून वारा येत होता आणि झांजांनी तळहात अजून चुणचुणत होते.

"बाबा, एकच सांगा. तात्यांना आता काय निमित्त? घरी सोडायला मी आहे, पण उत्तमराव रोज थोडेच आणतील. नुसता मी न्यायला गेलो तर पाठवतील का ते?"

बाबांनी रेडिओ बंद केला.

"मी दोनदा इसरलो. तिसऱ्यांदा इसरलो तर शालन वळखंल, बाई हुशार हाय."

"मग?"

बाबांनी कंदिलाची वात थोडी वर केली आणि त्या उजेडात केतनचं तोंड नीट पाहिलं.

"उद्या तुझी पाळी... तुझ्यापाशी हरवण्याजोगं काय हाय?"